टीव्ही घ्यायचाय? अक्कांना सोबत घ्या

सकाळी ज्वारी निवडत बसले होते, तेव्हा पुतण्याचा, महेशचा फोन आला. एरवी तो आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग कामाचं बोलतो. त्या दिवशी काहीच विचारलं नाही. "काकू... आई गेली," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या मागून कुणाचं तरी रडणं ऐकू येत राहिलं. सूप माझ्या मांडीवर तसंच राहिलं. गिरिजाक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, लिंगैक्य झाल्या होत्या. वय झालं होतं, आजारपण होतं, कधीतरी असा फोन येणार हे ठाऊक होतं... पण ठाऊक असणं वेगळं आणि कानावर येणं वेगळं. लातूरहून वडवणीला पोचले तोवर अंगण बायांनी भरून गेलेलं. त्यातल्या निम्म्या मला अनोळखी होत्या. भावकीतल्या नाहीत, गल्लीतल्याही नाहीत. शेजारी टेकलेल्या एका म्हातारीला मी विचारलं, तुम्ही अक्कांच्या कोण? तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "नात्याची न्हाई बाई. आमचा टीवी अक्कांनी घेऊन दिलता. सुनेचा मिक्सर बी." मग पलीकडची बोलली, तिच्या मुलाचा टेपरेकॉर्डर अक्कांनी पाहून दिला होता. दुःखाच्या त्या अंगणातसुद्धा मला क्षणभर हसू आलं. माझी जाऊ गेली आणि रडायला माणसं जमली ती टीव्ही-मिक्सरची!

अक्का दुकानदार नव्हत्या की मेकॅनिक नव्हत्या. आमचे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो, रस्त्याच्या कडेला किराणा दुकान चालवायचे. अक्का घर सांभाळायच्या, म्हशींचं बघायच्या आणि दुपारी अप्पा जेवायला आले की गल्ल्यावर बसायच्या. माझे यजमान वडवणीच्याच शाळेत मास्तर, त्यामुळे नव्वदीची ती सगळी वर्षं आम्ही दोघी जावा एकाच घरात, एकाच चुलीवर काढली. मी शिकलेली, शहरातून आलेली, थोडी बुजरी. अक्का उंच, सावळ्या, कपाळावर विभूतीची बोटं, आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभ्या माणसाला वाटावं, आपल्यालाच हाक मारली. मला त्या "सुनंदा" अशी पूर्ण नावानं हाक मारायच्या, रागात असोत की लोभात.

त्या वर्षांत आमच्याकडे वस्तू यायला लागल्या. तोवर घरात रेडिओ असला तरी खूप झालं. गावात चार घरी काळापांढरा टीव्ही, आणि तो बघायला अर्धी गल्ली. मग एकाएकी बीडच्या रस्त्यावर रंगीत पाट्या लागल्या, कधी न ऐकलेल्या कंपन्यांची नावं आली, जुना द्या नवा घ्या, हप्त्यावर न्या, वर भिंतीवरचं घड्याळ फुकट... कुणाच्या तरी गच्चीवर भली मोठी छत्री बसली आणि घरोघर केबलची वायर गेली. लोक हुरळून गेले होते, आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात हौसेची वस्तू आली नव्हती त्यांना हौस करावीशी वाटली. पण वस्तू आल्या तशी त्या पारखायची रीत आली नाही. बैल घ्यायचा तर त्याचे दात बघावेत, चाल बघावी, हे पोरासोरालाही कळत होतं. टीव्हीचे दात कुठं बघायचे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

अक्कांनाही नव्हतं. आमच्या घरचा पहिला रंगीत टीव्ही त्यांनी दुधाच्या पैशांतून घेतला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अप्पा, अक्का आणि मी बीडला गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदार भलताच गोड बोलला, आम्हाला त्यानं सरबत पाजलं, खोका बांधून दिला आणि "पक्की पावती केली तर कर लागंल, तुमी घरचीच मानसं, कच्चीवर देतो" असं म्हणत एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडून हातात ठेवलं. आपण कर वाचवला याचा अप्पांना कोण आनंद! एसटीच्या टपावर खोका बांधून आणला. वेशीपासून घरापर्यंत लोक मागे. अक्कांनी टीव्हीला कुंकू लावलं, नारळ फोडला.

दिवाळी सरली नाही तोच चित्रातला निळा रंग फिका पडायला लागला. बातम्या देणारी बाई कावीळ झाल्यासारखी दिसायची. मग टीव्ही लावल्यावर चित्र उमटायलाच वेळ लागू लागला... आवाज आधी यायचा आणि चेहरा मागून, धुक्यातून आल्यासारखा. आमच्या दुकानाशेजारी रफिकभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्यांनी मागचं झाकण उघडलं, बराच वेळ आत डोकावले आणि हळूच म्हणाले, "अक्का, खोका नवा हाय, पन पिक्चर ट्यूब जुनी हाय. दुसऱ्या सेटमधली काढून, दुरुस्त करून हितं बसवली. टीवीचा जीव म्हंजे ट्यूब. जीवच वापरलेला दिला तुमाला."

अप्पा म्हणाले, "जाऊ दे. आपलं नशीब."

"नशीब कावून?" अक्का उसळल्या. "दुकान हाय ना अजून तिथंच?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या बीडला गेल्या. तोच दुकानदार, पण आता सरबत नाही. त्यानं तो चिटोरा पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ह्याच्यावर आमच्या दुकानाचं नाव कुठंय बाई? सेटचा नंबर कुठंय?" अक्का भांडल्या, चढ्या आवाजात भांडल्या. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. काही उपयोग झाला नाही. आम्ही हात हलवत परत आलो. बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, रडताहेत. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, "सुनंदा, तू बी गप्प हुतीस, अप्पा बी गप्प हुते, मी बी गप्प हुते. तिघं गेलतो दुकानात, एकानं बी तोंड उघडून इचारलं न्हाई की बाबा, हे लावून दाखव. लाज वाटली आपल्याला. पैसे आपले आन् लाज बी आपल्यालाच!"

त्या दिवसापासून अक्कांनी ती लाज सोडली.

आधी त्या दुपारच्या वेळी रफिकभाईंच्या दुकानात जाऊन बसू लागल्या. दुरुस्तीला आलेला प्रत्येक सेट बघायच्या, का बिघडला विचारायच्या. रफिकभाई शांत माणूस. हात चालवत सांगत राहायचे. त्यातलं सगळं अक्कांना कळत होतं असं नाही, आणि कळतं असा आवही त्यांनी कधी आणला नाही. पण त्यातून त्यांनी स्वतःपुरत्या काही रीती काढल्या. सणाच्या तोंडावर खरेदी करायची नाही, कारण गर्दीत दुकानदाराला वेळ नसतो आणि आपल्याला भान नसतं. टीव्ही दुकानात लावायचा आणि तिथंच ठाण मांडून बसायचं, सेट चांगला तापेपर्यंत. आवाज अगदी बारीक करून ऐकायचा आणि अगदी मोठा करून ऐकायचा. मागचे स्क्रू बघायचे, त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या असल्या तर आत कुणाचा तरी हात जाऊन आलाय. पावती पक्की आणि तिच्यावर सेटचा नंबर. आणि घेण्याआधी विचारायचं की बिघडला तर नीट कोण करणार, कुठं करणार. जुनी वस्तू घ्यायची तर शक्यतो दुकानातून नाही, नांदत्या घरातून घ्यायची. त्या घरात गेलं की टीव्हीच्या आधी अक्का पाणी मागायच्या आणि पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात डोकावायच्या. "जिचा स्टो पुसल्याला, तिची वस्तू घ्यावी," असं त्यांचं म्हणणं. मी हसायचे, पण या कसोटीवर घेतलेली वस्तू फसल्याचं मला आठवत नाही.

आधी भावकीतली माणसं विचारायला आली, मग गल्लीतली, मग बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यांवरची. कुणाचं लग्न, कुणाची पहिली नोकरी, कुणाला बहिणीला मिक्सर द्यायचा. "बीडला टीवी घ्यायला निघालो, अक्का, चला की संगं." आणि अक्का निघायच्या. या कामाचं त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही; बसचं तिकीट आणि दुपारचा चहा, एवढाच त्यांचा मान. अप्पा कुरकुरायचे, लोक नावं ठेवतील म्हणायचे. अक्का चपला घालता घालता म्हणायच्या, "नावं ठेवनाऱ्यांनी बी काल मला इस्त्री घ्यायला नेलतं." अनेकदा तर वस्तू घेऊच नका, असं त्या सांगायच्या. मला फ्रीज हवा होता, तेव्हा त्यांनी विचारलं, "दिवसातून किती घंटे लाईट असती गं आपल्याकडं? फ्रीज न्हाई, कपाट होईल त्याचं." मी रुसले, पण त्यांचं खरं होतं. वीज जरा सुधारल्यावर त्यांनीच मला फ्रीज बघून दिला.

पण अक्कांची म्हणून जी आठवण मी सगळ्यांना सांगते ती द्वारकाची.

द्वारका वडवणीजवळच्या एका वस्तीवरची. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेले की उन्हाळ्याच्या तोंडाशीच परत. तीन लेकरं मागं आजीपाशी. त्या वर्षी परत आल्यावर ती आमच्या दुकानात आली, गूळ-तेल घेतलं आणि तिथंच घुटमळत उभी राहिली. अक्का गल्ल्यावर होत्या. म्हणाल्या, "बोल की बाई." द्वारका म्हणाली, "अक्का, मला टीवी घ्यायचाय. रंगीत." मग हळूहळू तिनं सांगितलं. वस्तीवर एकाच घरी टीव्ही होता. तिची लेकरं संध्याकाळी तिथं जायची आणि दारातून हाकलली जायची. थोरली लता तर आत न जाता खिडकीच्या गजाला धरून बघायची. एकदा आतून कुणीतरी खिडकीच लावून घेतली आणि पोरीची बोटं चेमटली. "आमी तिकडं फडात आन् हिकडं माझी लेकरं दुसऱ्याच्या दारात. ह्या साली म्हनलं, काय बी होऊ द्या, त्यांचं त्यांच्या घरात असू द्यावं."

अक्का आधी तिच्या वस्तीवर गेल्या. मीही होते. दिवस मावळल्यावर द्वारकानं दिवा लावला, तर बल्ब निखाऱ्यासारखा लाल, मिणमिणता. लाईनच्या टोकाला घर, विजेला दाबच नाही. रंगीत टीव्ही त्यावर चालणं कठीण होतं. अक्कांनी रफिकभाईंना विचारून तोड काढली. त्यांच्याकडे एक छोटा काळापांढरा सेट होता, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालायचा. स्वस्त, दणकट, बिघडला तर जागेवर दुरुस्त. अक्कांच्या मते सोन्यासारखा सौदा. त्यांनी द्वारकाला बोलावून तो चालू करून दाखवला.

द्वारका बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "अक्का, त्या घरात रंगीत हाय. माझी लेकरं रंगीत बघायला जात्यात. हे आनलं तर दुसऱ्या दिवशी परत तिथंच जातील की." आणि जरा थांबून, आमच्याकडं न बघता, "गरिबाच्या लेकरानं काळंपांढरंच बघावं व्हय?"

ती निघून गेली. बीडला एकटी जाऊन एखाद्या दुकानातून काहीतरी आणील या भीतीनं मी अस्वस्थ झाले. अक्का मात्र दिवसभर म्हशींच्या मागं होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. "सुनंदा, मी चुकले. मला वाटलं, वस्तू टिकाऊ आन् स्वस्त म्हंजे सौदा चांगला. पन तिला ज्याच्यासाठी पायजे तेच त्याच्यातून मिळत नसंल, तर ते फुकट दिलं तरी म्हागच की." भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "चल, द्वारकाला बोलावून आनू. रंगीतच घ्यायचा. लाईटीचं रफिकभाईंना इचारू."

शोध सुरू झाला. नवा घेणं तिला परवडणार नव्हतं. बीडमधल्या एका साहेबांची बदली झाली होती, ते मुलांना घेऊन पुढं गेले होते आणि त्यांच्या बायकोनं जड सामान विकायला काढलं होतं. आम्ही तिघी गेलो. त्या वहिनी तिशीच्या, एकट्या, चोहीकडं पसारा, अर्धी भरलेली खोकी. अक्कांनी पाणी मागितलं, स्वयंपाकघरात डोकावल्या आणि बाहेर येऊन माझ्याकडं बघून मान हलवली. मग टीव्ही लावला आणि सतरंजीवर बैठक मारली. "वैनी, तुमी तुमचं काम करा. आमी दुपारभर बसतो."

वहिनी चकितच झाल्या. "दुपारभर?"

"त्यो आमच्या घरी लई वर्षं बसनार हाय. आमी एक दुपार त्याच्या घरी बसतो."

रंग छान होते, आवाज स्वच्छ. द्वारकाचा चेहरा उजळला. पण सेट तापला तसं चित्र दोन्ही बाजूंनी आवळत आलं, कडेला काळ्या पट्ट्या दिसायला लागल्या. वहिनींचा चेहरा उतरला. "अहो, खरंच सांगते, मला माहीत नव्हतं. मुलांच्या अभ्यासामुळं आम्ही इतका वेळ लावतच नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या, ते दिसत होतं. द्वारका हताश होऊन माझ्याकडं बघायला लागली. दुसरं कुणी असतं तर हाच दोष धरून वहिनींना नमवलं असतं. त्या अडलेल्या होत्या, दोन दिवसांत ट्रक येणार होता. अक्का म्हणाल्या, "वैनी, दोष बारका असंल तर सेट चांगला हाय. मोठा असंल तर आमाला झेपायचा न्हाई. आमचा मेकॅनिक वडवनीला असतो. आमाला त्याला दाखवू द्या. बारका निघाला तर दुरुस्तीचं वजा करून तुमचा भाव कबूल. मोठा निघाला तर सेट परत आनून देतो."

वहिनी घोटाळल्या. "तुम्ही चांगल्या दिसता हो... पण मी तुम्हाला ओळखत नाही. नेलात आणि परत नाही आलात तर?"

"बरोबर हाय," अक्का म्हणाल्या. रागावल्या नाहीत. थोडा विचार केला आणि पाय पसरून भिंतीला टेकल्या. "मग मी ऱ्हाते हितं. सुनंदा आन् द्वारका सेट नेतील. त्या परत येईस्तोवर मी तुमच्या घरात. पसारा बी लई हाय तुमचा, भांडी बांधू लागते."

वहिनी खळखळून हसल्या. मी घाबरून अक्कांच्या कानाशी लागले, अप्पांना काय सांगू? "सांग, गहान ठिवलंय म्हनावं बायकोला. सोडवून न्यायची असंल तर जेवायला वाढून घ्या आपल्या हातानं."

असा तो टीव्ही मांडीवर धरल्यासारखा आम्ही दोघींनी वडवणीला आणला. रफिकभाई हातातलं काम सोडून बसले. द्वारका त्यांच्या दुकानाच्या पायरीवर, दोन्ही हात जोडल्यासारखे गुडघ्यावर. अंधारून आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. "एक भाग थकलेला हुता, बदलला. ट्यूब झकास हाय. अक्कांना सांगा, घ्या बिनघोर." तोवर बीडची शेवटची एसटी निघून गेली होती. अप्पा दाराशी येरझाऱ्या घालत होते. "परक्या घरात बाई ठेवून आलात? ओळख ना पाळख!" मी भाकरी वाढली, ते जेवले नाहीत. पहाटेच उठून, कधी नव्हे ते इस्त्रीचं धोतर नेसून, माझ्याबरोबर बीडला निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा वहिनींचं सगळं सामान बांधून झालं होतं, खोक्यांवर कोळशानं खुणा केलेल्या, आणि दोघी ओट्याशी उभ्या राहून एकाच ताटलीतले पोहे खात होत्या. अप्पांना बघून अक्कांनी पदर सावरला. "आलात व्हय सोडवायला?" अप्पा इतके लाजले की पाणीसुद्धा न पिता बाहेर जाऊन उभे राहिले. वहिनींनी पैसे घेतले आणि आतून स्टॅबिलायझर आणि अँटेना आणून माझ्या हातात दिली. हे कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, "बदलीच्या वेळी, सामान बांधलेल्या घरात रात्र एकटीनं काढायची मला नेहमी भीती वाटते. काल वाटली नाही. हे अक्कांचं." त्या स्टॅबिलायझरमध्ये रफिकभाईंनी जादा तारा गुंडाळून तो द्वारकाच्या वस्तीवरच्या विजेला पुरेल असा करून दिला. द्वारकाच्या घरी टीव्ही लागला तेव्हा ती चित्राकडं बघत नव्हती, लेकरांकडं बघत होती. लता अगदी जवळ जाऊन बसली होती... इतकी जवळ की तिला मागं ओढावं लागलं. पुढच्या उन्हाळ्यात द्वारका कारखान्यावरून परतली ती थेट आमच्या दुकानात, हसत हसत. म्हणाली, "अक्का, लता आता मला बातम्यांतल्या बाईवानी बोलून दाखवती. 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता.' म्या म्हनलं, तुरळक म्हंजे काय गं? तर म्हन्ती, आई, तू बस, मी सांगते." पुढं ती पोरगी बीडला शिकायला राहिली, आता शाळेत शिकवते. हे टीव्हीमुळं झालं असं मी म्हणणार नाही, अक्का तर मुळीच म्हणाल्या नसत्या. पोरगी हुशार होती आणि आई जिद्दीची. पण स्वतःच्या घरात निवांत बसायला मिळालं, एवढं तरी त्यात होतंच.

मग मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही लातूरला आलो. रफिकभाई गेले, अप्पाही गेले. ते भले थोरले टीव्ही भंगारात निघाले आणि भिंतीवर पाटीसारखे पातळ टीव्ही आले, हातोहाती फोन आले. मला वाटलं, आता अक्कांचं हे वेड संपेल. पण सणाला गेले की महेशकडून नवी गोष्ट ऐकायला मिळायचीच. एकदा तो त्यांना फोन घ्यायला चकचकीत दुकानात घेऊन गेला. विकणारा मुलगा म्हणाला, "आजी, पैसे भरल्याशिवाय बॉक्स उघडता येत नाही." अक्कांनी त्याच्याकडं चष्म्यातून रोखून पाहिलं. "पोरगी न दाखवताच सोयरीक जमवायलास व्हय रे?" सगळं दुकान हसलं, त्या मुलासकट, आणि त्यानं दुसरा फोन आणून त्यांच्या हातात चालू करून दिला. त्यांनी त्यावरून पहिला फोन मला लावला. "सुनंदा, आवाज कसा येतोय सांग. खरं सांग." खणखणीत येत होता... गल्लीच्या टोकाला जायचा तसाच.

शेवटची भेट संक्रांतीची. अंग थकलं होतं, बोलताना धाप लागत होती. बाजेवर पडून होत्या. माझ्या मनगटावरचं नवं घड्याळ बघून म्हणाल्या, "काय काय करतंय हे?" मी म्हटलं, पावलं मोजतं, नाडी सांगतं. त्यांनी माझा हात धरला, घड्याळाशेजारी बोटं ठेवून डोळे मिटले, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "चांगली चाललीय. ते बी खरं सांगत असंल." त्यानंतर आम्ही काय बोललो ते आठवत नाही. हात मात्र बराच वेळ त्यांच्या हातात होता.

परवा पुन्हा वडवणीला गेले होते. अक्का गेल्याला काही आठवडे झाले. रस्त्याकडेच्या त्यांच्या खोलीत बाज भिंतीला उभी करून ठेवलेली, खिडकी उघडी. महेशची बायको सुवर्णा तिथं गहू पसरत होती. सुवर्णा स्वभावानं भिडस्त. सासूबाईंबरोबर ती कधी दुकानात गेली नाही. त्या तिथं मोठ्यानं बोलतात, लोक बघतात, याचा तिला संकोच वाटायचा. बाजारचा दिवस होता. दारात एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली, पाठीला सॅक, हातात घडी केलेली जाहिरात. म्हणाली, "अक्का हायत का? मला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. बीडला एक जन वापरलेला विकायलाय. आई म्हनली, अक्कांना घेऊन जा."

मी काही बोलणार त्याआधी सुवर्णानं हलकेच सांगितलं, "अक्का गेल्या गं." मुलगी ओशाळली. हातातली जाहिरात तिनं आणखी एकदा दुमडली. मग, बरं, येते, म्हणून वळली. ती अंगण ओलांडत होती. सुवर्णा गव्हाकडं बघत बसली होती, मुठीतले दाणे तसेच मुठीत. एकाएकी ती उठली, हात झटकले आणि दारात गेली.

"ए, थांब जरा. एकटी जाऊ नको. मी येते संगं."

मुलगी थबकली. सुवर्णाला तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ विचारलं, "तुमाला कळतंय का त्यातलं, वैनी?"

"न्हाई," सुवर्णा म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज स्पष्ट होता. "पन दोघी मिळून इचारू की."

ती साडी बदलायला आत गेली. मी उठले, उरलेले गहू एका बाजूला सारले, खिडकी लावून घेतली आणि माझ्या चपला शोधायला लागले. बाहेर आले तर सुवर्णा नवलानं बघत होती.

"काकू, तुमी कुठं?"

म्हटलं, "दोघी कशाला? तिघी जाऊ."